डाल्याखालचं झाड

सौंसर,
२८ सप्टेंबर १९८६

प्रिय कमल,

जयभीम. तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसते आहे. रागावू नकोस. पत्र लिहायला घेतलं की माय विचारते, "कोनाले लिहून राहिली?" आणि तुझं नाव सांगितलं की तिचे निरोप संपेपर्यंत चूल विझते. आज ती शेजारच्या लीलाबाईंचा हात धरून विहारात गेली आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

मायच्या डोळ्यांचं काही खरं नाही. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, उजवा पिकलेला. तिला माणूस दिसतो तो धुक्यात उभा असल्यासारखा, रंग तेवढे कळतात. जानेवारीत तुमच्याकडे पांढुर्ण्याला डोळ्यांचं शिबिर आहे, तिथे नाव घालायचं तुझ्या दादांनी ठरवलं. माय ऐकायला तयार नाही. तिच्या मनात बसलंय की डोळा कापला की आहे तेही जाईल. परवा म्हणाली, "एक डाव ते झाड लाल पाहून घेतो. मंग कापा डोया, नाई दिसलं तरी चालते."

झाड म्हणजे आपल्या अंगणातलं लालपानांचं. तुझ्या बाबांनी डाक बंगल्याच्या कुंपणाची काडी आणून लावलेलं ते. दर डिसेंबरला शेंड्याची पानं लाल व्हायची आणि सहा तारखेला माय त्यातली एक डहाळी विहारात बाबासाहेबांच्या फोटोपुढे नेऊन ठेवायची. मागच्या हिवाळ्यात मात्र झाड हिरवंच राहिलं. एक पान लाल झालं नाही. माय चार बायकांसमोर म्हणाली, "पयले मी पानी टाकत होतो. आता हात बदलला, म्हून झाड रुसलं."

बदललेला हात माझा. सतरा वर्षं या घरात राबले, पण हे वाक्य मला लागलं ते लागलंच. तुझ्याकडचं झाड याच झाडाची काडी. मीच ओल्या फडक्यात गुंडाळून तुझ्या पिशवीत ठेवली होती. ते लाल होतं का? होत असेल तर तू त्याला काय घालतेस, ते लिही.

तुझी वहिनी,
सुशीला


पांढुर्णा,
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय वहिनी,

जयभीम. हात बदलला म्हणे. याच हाताने तू माझ्या वेण्या घातल्यास, मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून, आणि इतक्या घट्ट घालायचीस की भुवया वर जायच्या. मी तर कधी रुसले नाही. मायला सांग, कमल म्हणते म्हणून.

माझं झाड दरवर्षी लाल होतं. आणि मी त्याला काय घालते म्हणशील तर काहीच नाही. क्वार्टरच्या मागे, कोळसा ठेवायच्या खोलीपाशी, कुंडीत पडलेलं असतं. भांडी घासली की उरलेलं पाणी त्याला. तुझं पत्र वाचल्यावर मलाच कोडं पडलं. रात्री स्वप्नात मी आपल्या अंगणात आले, झाडाला विचारलं, आणि ते काही सांगणार तेवढ्यात जी.टी. एक्सप्रेस धडधडत गेली आणि जाग आली. या क्वार्टरमध्ये एक स्वप्न पुरं होत नाही.

म्हणून यांना म्हटलं, तुमच्या स्टेशनवर माळी आहे ना, त्याला विचारा. हे म्हणाले, पार्सल ऑफिसात संत्र्यांच्या पेट्या मोजू की झाडांची चौकशी करू? शेवटी मीच डबा द्यायच्या निमित्ताने गेले. चिंधूजी नावाचा म्हातारा माळी आहे, बोलतो कमी. त्याने मला आधी प्लॅटफॉर्मवर नेलं, मग गोदामाच्या मागे. म्हणाला, "हे पाहा बाई. पानसेटिया म्हंतेत याले. दिव्याखालचे झाडं सालभर हिरवेच राह्यतेत. अंधारातले लाल होतेत. या झाडाले रातची पुरी झोप लागते. दिवस बुडाला का उजेड नाई पाह्यजे, पार सकाळी आठ वाजेलोक. मंधात दिवा दिसला का बिघडलं." मग मला विचारलं, "तुमच्या वहिनीच्या आंगनात दिवा हाय काय?"

वहिनी, आहे का?

तुझी,
कमल


सौंसर,
२७ ऑक्टोबर १९८६

प्रिय कमल,

आहे. तुझं पत्र वाचून मी अंगणात जाऊन उभी राहिले आणि वर पाहिलं. बरोब्बर झाडाच्या डोक्यावर बल्ब. मागच्या पावसाळ्यात तुझ्या दादांनीच लावला, मायला रात्री उठून परसाकडे जाताना वाट दिसावी म्हणून. सांजेला लागतो तो सकाळी विझतो. झाड बिचारं दीड वर्ष झोपलंच नाही.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. हात नव्हता, बल्ब होता. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग विझव त्याले." त्या रात्री बल्ब बंद ठेवला. पहाटे ती उठली, पायरी चुकली आणि गुडघा फोडून घेतला. तुझे दादा माझ्यावर इतके चिडले की दोन दिवस बोलले नाहीत. बल्ब पुन्हा लागला. त्यांचंही बरोबर आहे.

झाड जमिनीत आहे, उचलून नेता येत नाही. मग मला बोरगावच्या बगीच्यातून आणलेलं संत्र्याचं मोठं डालं आठवलं. बांबूचं, दोन हातांनी धरावं लागतं असं. झाड मार्चात छाटलेलंच होतं, कमरेइतकं आहे, बरोबर आत मावतं. आता रोज पाचला डालं पालथं घालते आणि सकाळी आठला काढते.

खरं सांगू, मला हे काम आवडायला लागलं आहे. त्या वेळी अंगणात उजेड केशरी झालेला असतो, चुलींचा धूर खाली उतरलेला असतो, आणि मी डालं धरून नुसतीच उभी राहते. पानांकडे बघता बघता कुठे जाते माझं मलाच कळत नाही. कधी लोधीखेड्याला, माझ्या आईच्या ओट्यावर. कधी कुठेच नाही. मग खाटेवरून माय विचारते, "झोपलं काय?" मी म्हणते, झोपलं. ती म्हणते, "बरं." सकाळी विचारते, "उठलं काय?" लेकरासारखं चाललंय त्याचं.

चिंधूजींना माझा जयभीम सांग. ते आपले नसतील तर नमस्कार सांग.

तुझी,
सुशीला


पांढुर्णा,
१६ नोव्हेंबर १९८६

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते. चिंधूजींना डाल्याची गोष्ट सांगितली तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "डाल्याले भोकं नाई काय? वरतून बल्ब हाय. झोपल्या मानसाच्या तोंडावर रातभर बॅटरी मारून राहिले तुमी." डाल्यावर जाड पोतं टाक, दोन टाक, जमिनीपर्यंत. आणि एक रात्रही चुकवायची नाही. मोजून आठ आठवडे तरी लागतील म्हणतात. म्हणजे आतापर्यंतच्या रात्री फुकट गेल्या, वाईट वाटून घेऊ नकोस.

मी बोटांवर मोजलं. आठ आठवडे म्हणजे जानेवारी अर्धा. शिबिर तीन जानेवारीला आहे, मायचं नाव मी इथे लिहून आले आहे. लाल पाहिल्याशिवाय ती यायची नाही आणि शिबिर झाडासाठी थांबायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हे वर्ष घालवलंत तर डोळा हातचा जाईल. काय करायचं, वहिनी?

कमल


सौंसर,
५ डिसेंबर १९८६

प्रिय कमल,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. मायला तर नाहीच, तुझ्या घरच्यांनाही दाखवू नकोस.

काल सकाळी मी डालं काढलं आणि पाणी आणायला आत गेले. झाड हिरवंच होतं, शेंड्याला तांबूस झाक आहे की नाही असं वाटण्यापुरतीही नाही. तेवढ्यात लीलाबाईंनी त्यांचं धुतलेलं लुगडं आपल्या तारेवर टाकलं. त्यांच्या तारेवर पापड होते म्हणे. लाल लुगडं, नवं कोरं, झाडाच्या मागे. मी बाहेर आले तर माय खाटेवर उठून बसलेली, दोन्ही हात पुढे केलेले, आणि चेहरा असा उजळलेला की मी तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"सुशीला," म्हणाली, "लाल झालं ओ. पुरंच्या पुरं लाल झालं. दिसून राहिलं मले."

मी सांगायला तोंड उघडलं होतं, कमल. खरंच उघडलं होतं. पण ती लगेच म्हणाली, "आता नेऊन टाका मले कमलकडे. कापा म्हना डोया." आणि मी तोंड मिटलं.

मग ती म्हणाली, विहारासाठी एक डहाळी तोड, परवा सहा तारीख आहे. मी म्हटलं, माय, याला चीक असतो, चुकून डोळ्यात गेला तर डॉक्टर हात लावणार नाहीत. औंदा राहू दे. ती म्हणाली, "बरं." इतक्या सहज म्हणाली की मला रडू आलं. उद्या विहारात झेंडूची फुलं नेऊ.

विहारात आपण रोज पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही असं मी आज सकाळी म्हटलं नाही, ओठ हलवले नुसते. मला भीती तिच्या रागाची वाटत नाही. डोळे उघडून ती घरी येईल, झाड हिरवं दिसेल, आणि तिला वाटेल की मी आंधळ्या माणसाला फसवलं. मग ती माझ्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवायची नाही, आणि मी तिला दोष देऊ शकणार नाही.

सुशीला


पांढुर्णा,
१४ डिसेंबर १९८६

प्रिय वहिनी,

आधी मला हसू आलं, लीलाबाईंच्या लुगड्याचं. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं. पत्र चुलीत टाकलं आहे.

एक उपाय आहे. माझं झाड या घडीला लालबुंद आहे. कुंडीसकट बसवर टाकून पाठवते. ड्रायव्हर यांच्या ओळखीचा आहे. तुझं खणून मागे लाव, माझं तिथे ठेव. काडी एकच, झाड एकच. मायला काय कळणार?

आणि तू दोन तारखेला मायबरोबर येतेस ना? मी गादी काढून ठेवली आहे. डोळ्यावर पट्टी असताना तिला तूच लागशील, माझ्या हातची भाकरी तिला जाड वाटते.

कमल


सौंसर,
२४ डिसेंबर १९८६

प्रिय कमल,

झाड पाठवू नकोस. एक खोटं झाकायला दुसरं अंगणात उभं करायचं, त्याला रोज पाणी घालायचं, ते माझ्याने होणार नाही.

आणि मी येत नाही. तुला वाईट वाटेल हे माहीत आहे. मायला तुझे दादा घेऊन येतील आणि तिथेच राहतील. तूही मनात म्हणशील, सासूचं ऑपरेशन आणि सून घरी बसली. लीलाबाई तोंडावर म्हणाल्याच. पण मी आले तर इथे पाचला डालं कोण घालणार? तुझे दादा घरी राहिले असते तरी विसरले असते. त्यांचं मन चांगलं आहे, पण घड्याळ त्यांना कधी दिसलं नाही. पोतं टाकायला लागले त्याला आज पाच आठवडे झाले. एक रात्र चुकली तर सगळं मागे जाईल. ती परत येईल तोवर मला हे खोटं खरं करायचं आहे. दुसरं काही मला सुचत नाही.

काल झोपेत पाहिलं, डाल्याखाली झाड नव्हतंच, माय बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी विचारलं, माय, अंधारात काय करतेस? म्हणाली, रंगून राहिले. जाग आल्यावरही कितीतरी वेळ मला ते खरंच वाटत होतं.

तिला भाकरी पातळ थाप. कडांना पाणी लाव, म्हणजे फाटणार नाही.

तुझी,
सुशीला


पांढुर्णा,
११ जानेवारी १९८७

प्रिय वहिनी,

तार मिळालीच असेल. ऑपरेशन चांगलं झालं, काल पट्टी निघाली. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड आहे आणि जाड भिंगांचा चष्मा दिला आहे, त्यातून तिचे डोळे बशीएवढे दिसतात. पहिल्यांदा तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "जाडी झाली." मी रडत होते, ते तिला दिसलंच नाही असं तिने दाखवलं.

मी तिला माझं झाड दाखवायला मागे नेत होते, तर दारात थांबली. म्हणाली, "नाई. पयले घरचं पाहीन." मग मला कागद घ्यायला लावला. आता पुढचं तिचं आहे. तिने सांगितलं तसंच लिहिते आहे, एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे. ऐकताना माझा हात थांबला तर मला दटावत होती.

"सुशीला, मी पंचफुला सांगून राहिली. डोया चांगला हाय. त्या दिवशी मले जे लाल दिसलं ते लीलाचं लुगडं होतं. झाडाले साबनाचा वास येते काय? वारा आला तं ते फडफडलं बी. पयल्या घडीले मी फसलो, दुसऱ्या घडीले समजलो. तवा तू बाहेर आली होती आन् माया तोंडातून निंगून गेलं होतं. मंग मी वाट पाह्यली, तू काय म्हंते म्हून. तू काईच नाई म्हनली. मले राग नाई आला. मीनं बी काईच नाई म्हनलं, मंग खोटं दोघीचं झालं.

"रोज पाच वाजता तू तव्यावरची भाकर सोडून पयत येत होती. मले दिसत नाई पन पाय आयकू येतेत. पोतं टाकताना तुया बांगड्या वाजत. थंडीत, तापात बी तू आली. एवढं कोनी झाडासाठी नाई करत. मीनं मनात म्हनलं, हे पोरगी मले डोये देऊन राहिली आन् मी झाडाचं निमित्त करून भेतो. म्हून मी हो म्हनलं. लाल दिसलं म्हून नाई.

"तुया हाताले मीनं चार लोकात नाव ठेवलं, ते मीनं वाईट केलं. घरी आल्यावर त्याच बायकाइले बोलावून सांगतो.

"रविवारी येतो. सोमवारी सकाळी डालं मीच काढीन. हिरवं असलं तं हिरवं म्हन. आता मले दिसते."

वहिनी, मला पुढे काही लिहवत नाही.

कमल


सौंसर,
२० जानेवारी १९८७

प्रिय कमल,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ते मी वाचलं आणि पदराला बांधून ठेवलं, आणि तरीही त्या दिवशी पाचला डालं घातलं, शनिवारीही, रविवारीही. रविवारी माय संध्याकाळच्या बसने आली, तेव्हा झाड झोपलेलं होतं. मी तिच्या पाया पडले. अंगणातला बल्ब मागे होता, माझा चेहरा अंधारात होता. ती फक्त "आली मी" म्हणाली आणि भाकरी खाऊन निजली. मला झोप आली नाही. डाल्याखाली काय आहे ते मला माहीत होतं, तिला नव्हतं, आणि मला ते सांगायचं नव्हतं.

काल सकाळी आठला ती अंगणात आली. थंडी चांगली होती, अजून धुकं होतं, तार आणि भिंत दोन्ही त्यात अर्धी बुडालेली. तिने पोती एकेक करून काढली, नीट घडी घातली. मग डालं उचललं.

शेंड्याची पानं लाल झाली आहेत, कमल. पण सगळी नाहीत. तीन फांद्या लाल आणि बाकी हिरव्या. एक पान तर मधोमध वाटलेलं, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. मी म्हटलं, "माय, निम्मंच झालं. बाकीचं हिरवं आहे."

"दिसून राहिलं मले," ती म्हणाली. खाली वाकून तिने ते अर्ध्याअर्धं पान बोटाने उचललं, भिंगाजवळ नेलं, सोडलं. मग वळून माझ्याकडे बघायला लागली. इतका वेळ बघत राहिली की मी पदर सावरला.

"सुशीला," म्हणाली, "तुये केस कवा पिकले?"

मी म्हटलं, झाली दोन-तीन वर्षं.

"मले कोनी सांगतलं नाई."

तिने मला खाटेवर बसवलं, माझा अंबाडा सोडला आणि फणी आणायला लावली. तुला मी घालायचे तशी घट्ट वेणी घातली, भुवया वर गेल्या माझ्या. घालताना एकेक पांढरा केस बाजूला करून बघत होती. मला मात्र रडू आवरेना, आणि ते तिला आता दिसत होतं. झाड आपलं मागे उभं होतं, त्याच्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

संध्याकाळी पाचला मी तव्यावर भाकरी टाकली आणि सवयीने उठले. बाहेर आले तर ती डालं धरून आधीच उभी. दोन हातांत मावत नव्हतं. मी म्हटलं, दे माय, मी घालते. ती म्हणाली, "एका हातचं काम नाई हे. तू तिकून धर."

मी तिकडून धरलं.

तुझी,
सुशीला